रिकामी राहिलेली पानं

धोंडूदादा गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. मिरच्या चिरत होते, तेवढ्यात टुंग झालं. वरच्या वाडीतला माझा एक जुना विद्यार्थी आता विरारला असतो, त्यानं फोटो पाठवला होता. ओळखपत्रावरचाच फोटो ओढूनताणून मोठा केलेला, भोवती चित्रातली फुलं, खाली भावपूर्ण श्रद्धांजली आणि तीन जोडलेले हात. फोटोत धोंडूदादा असा बघत होता, जणू कुणी त्याला दरडावून खुर्चीत बसवलंय. मी चष्मा पुसला, परत बघितलं आणि, खोटं कशाला सांगू, मला आधी रडू नाही आलं, राग आला. आमचं भांडण झालं होतं आणि ते अजून मिटलं नव्हतं. दोन महिने तो खाली आला नव्हता, मीही निरोप धाडला नव्हता. येईल झक मारत, असं रोज मनात म्हणत होते... आणि हा शहाणा असा परस्पर निघून गेला! त्याला आता सहा आठवडे झाले. मिरच्या त्या दिवशी तशाच राहिल्या.

तो कुणी मोठा माणूस नव्हता. पोलादपूरच्या वर, कशेडीच्या अंगाला डोंगरात ज्या वाड्या आहेत, त्यातल्या एकीत जन्मला, नाचणी-वरी पिकवली, पोरं मुंबईला पाठवली आणि पंच्याऐंशीच्या घरात असताना पडवीत बसल्या बसल्या मान टाकली. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, शिकारीत तो हाक्याचा म्होरक्या होता. हाका म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. पंचवीस-तीस माणसं रांग धरून, डबे-थाळ्या बडवत, आरडाओरडा करत रानातून जनावर पुढं रेटतात आणि दुसऱ्या टोकाला झाडावर बंदूकवाला आयता बसलेला असतो. नाव व्हायचं ते बंदूकवाल्याचं. आमच्या महाडच्या घरात अण्णांचे चार फोटो होते, त्यांत दुनळी बंदूक कुठल्या कारखान्याची ते सगळ्यांना पाठ होतं. मागं उभ्या असलेल्या माणसांपैकी एकाचंही नाव कुणी फोटोमागं लिहिलेलं नव्हतं.

घरात सगळे त्याला 'ए धोंड्या' म्हणत, म्हणून मीही म्हणायची. तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. पुढं शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा माझी मलाच लाज वाटली आणि मी 'धोंडूदादा' सुरू केलं. तर म्हणतो कसा, "शिकलीस तशी बिघडलीस गो बाय." लहानपणापासून तो मला बायच म्हणायचा. अण्णा गेले, घराच्या वाटण्या झाल्या, मला दोन खोल्या आल्या, नोकरी संपली. येणारी-जाणारी माणसं एकेक करून थांबली. धोंडूदादा तेवढा दर पंधरा दिवसांनी, मंगळवारी, रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला म्हणून महाडला उतरायचा आणि डेपोतून थेट माझ्याकडं यायचा. काखेत सागाच्या पानांची मोळी. माझ्याकडं ताटं आहेत, चांगली जड ताटं आहेत, पण हा जेवणार पानावरच. वर मलाही पानावरच जेवायला लावणार. मी म्हणायची, "अरे, भाताला रंग चढतो पानाचा." तो म्हणायचा, "चढूदे. पोटात काय आरसा हाय?" आणि वाढलं की पहिल्यांदा मूठभर भात पानाच्या उजव्या कडेला सारायचा, जेवण झालं की तो मागच्या भिंतीवर कावळ्यांना ठेवायचा. त्या भाताला त्यानं कधी तोंड लावलं नाही. मला वाटायचं, पितरांचं काही असेल. एकदा विचारलं तर म्हणाला, "एक वाटा ऱ्हायलाय गो." त्याहून जास्त बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही, कारण कुठला वाटा ते मला ठाऊक होतं.

त्यासाठी मागं जायला हवं. भात झोडून झालं, थंडी पडली की आमच्याकडं डुकरांचे हाके निघत. डुक्कर वरीचा पार चुथडा करायचं, त्यामुळं हाक्याला घरटी एक माणूस यायचाच. निघण्याआधी देवळात कौल लागायचा. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या तांदळाचे दाणे चिकटवायचा, गाऱ्हाणं घालून आज कुठल्या जनावरासाठी रानात शिरतोय ते सांगायचा. उजवा दाणा आधी पडला तर देवानं जनावर दिलं, डावा पडला तर मुकाट घरी. आणि डुक्कर खाली आलं की देवळापुढं सागाची पानं मांडायची, जितकी माणसं हाक्याला तितकी. बंदूकवाल्याला एक पान, थाळी बडवणाऱ्यालाही एकच. कुत्र्यांचं एक. ज्या घरात बाई गरोदर, त्या घराला दोन. वाटे घालताना रस्त्यानं कुणी परका चालला असेल तर त्यालाही हाक मारून पान द्यायचं, कोण, कुठला, विचारायचं नाही. मला ते काही पटायचं नाही. मी विचारलं होतं, "त्याला कशाला? तो तर नुसता चालला होता." तेव्हा धोंडूदादा म्हणाला, "त्येनं बघितलं ना? बघितलं त्येला वाटा. मटान वाटलं की पाप पन वाटून जातं बाय, एकट्यावर बसत नाय." मी तेव्हा हसले होते.

मी अकरा वर्षांची होते त्या वर्षी अण्णांचे मुंबईचे एक स्नेही आले. घरात सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांच्याकडं बिबट्याचं कातडं होतं, सांबराची शिंगं होती, पट्टेरी वाघ तेवढा राहिला होता. आणि नेमकी धोंडूदादानंच बातमी आणली होती की वरच्या पाणवठ्यावर पट्टेरी वाघिणीचे पंजे उमटलेत. कुणाचं वासरू तिनं नेलं नव्हतं, कुणाच्या वाटेत आली नव्हती. बावीस वर्षांचा पोरगा तो, अण्णांनी शाबासकी द्यावी एवढ्यासाठी सांगून बसला. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. अण्णा म्हणाले, "धोंड्या, माणसांना डुकराचाच हाका सांगायचा. वाघाचं नाव काढलंस तर एक माणूस घराबाहेर पडणार नाही." धोंडूदादा खाली बघत म्हणाला, "आन द्येवाला?" अण्णांनी साहेबांकडं बघितलं. मग म्हणाले, "देवालाही डुक्करच." एवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. साहेबांनी भुवया उंचावल्या, तर अण्णा हसून म्हणाले, "ती होय? ती लहान आहे."

दुसऱ्या दिवशी देवळात गुरवानं गाऱ्हाणं घातलं, रानडुकरानं लेकरांच्या तोंडचा घास पळवलाय, ते जनावर आम्हाला दे. उजवा दाणा टपकन पडला. माणसं खूश झाली. मी गाभाऱ्याच्या खांबाला टेकून उभी होते आणि धोंडूदादानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी बोलले असते, नुसतं 'डुक्कर नाही' एवढे दोन शब्द, तर तो हाका निघाला नसता. मी खाली बघितलं. माझ्या पायात नव्या चपला होत्या, त्यांच्याकडं बघत राहिले. मग धोंडूदादानं एक गोष्ट केली जी कधी कुणी करत नसे. जनावर पडायच्या आधीच त्यानं पानं मांडली. एकतीस पानं, देवळापुढं ओळीत, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून एकेकावर खडा ठेवलेला. कुणाच्या मनात शंका येऊ नये म्हणून. त्याचा शेजारी आणि जिवाचा मैतर सखा तिथंच उभा होता. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. पानं बघून तो मला म्हणाला, "बाय, तुज्या अण्णांस्नी सांग हां, आमच्या घरात आवंदा दोन पानं." सगळे हसले. त्याची बायको, पारू, पदर तोंडावर घेऊन देवळामागं पळाली.

डुकराच्या हाक्यात आणि वाघाच्या हाक्यात फरक असतो, तो मला पुढं कळला. डुक्कर आपल्या वाटेनं पळतं, माणूस मध्येच थांबला, मागं राहिला, तरी बिघडत नाही. वाघाच्या हाक्यात रांगेला भोक पडता कामा नये आणि आवाज क्षणभरही थांबता कामा नये, कारण वाघ भोक हेरतो आणि उलटा फिरतो. माणसांना हे ठाऊक होतं. पण हाका वाघाचा आहे हेच ठाऊक नव्हतं. सखा बिडी पेटवायला थांबला... मी देवळात होते, मला फक्त ऐकू आलं. डबे, थाळ्या, आरोळ्या; मग एका बाजूचे डबे एकदम गप्प; मग बार, परत बार. आधी घोंगडीत घालून सखाला आणलं. त्याला साहेबांच्याच जीपमधून दवाखान्यात नेलं, ते त्यांनी केलं, नाही म्हणणार नाही. जीव वाचला, उजवा हात कोपराच्या वर काढावा लागला. त्याच्यामागून दांड्याला बांधून वाघीण आली. तिला पानांच्या ओळीशेजारी ठेवली. गुरव पुढं झाला आणि त्यानं विचारलं, "डुक्कर कुठं हाय?" मी तिच्या पोटाला हात लावला, अंग अजून ऊन होतं. साहेबांनी कॅमेरा काढला आणि अण्णा बंदूक टेकवून उभे राहिले. तो फोटो अजून माझ्याकडं आहे. डाव्या कोपऱ्यात, खाली, एकतीस पानं दिसतात. पानांवर खडे तसेच.

अण्णा वाईट माणूस नव्हते. हे मी सवयीनं लिहितेय काय? असेल. ते मला मांडीवर घेऊन पाढे शिकवायचे, वाडीतल्या बाळंतिणींना तूप धाडायचे. सखाला त्यांनी आयुष्यभर भात पुरवला. लोक म्हणायचे, देवमाणूस. आणि धोंडूदादाला तर लोकांनी डोक्यावरच घेतलं, कारण त्या वर्षापासून तो पावसाळ्यात आधी सखाची जमीन नांगरायचा, मग आपली. तीस-पस्तीस वर्षं. सखा थकून वारला तोवर. मैतर असावा तर असा, असं वाडीत म्हणत. धोंडूदादा ते ऐकलं की उठून जायचा. आणि त्यानं पुन्हा कधी देवाला कौल लावला नाही. मुलीच्या लग्नाला नाही, पोराच्या आजारपणात नाही. बायको पाया पडली तरी नाही. मला एकदाच म्हणाला, "कुठल्या तोंडानं इचारू? त्येनं डुक्कर दिलं व्हतं गो."

मी तरुण असताना एकदा शेजारच्या गावात रेड्यांच्या टकरी होत्या, तिथं सखा आम्हाला ओढून घेऊन गेला. त्याला त्याचा भारी शौक. कापलेल्या शेतात माणसांचं कडं, मध्ये दोन रेडे, शिंगांना तेल, पोटात दारू. सखा उरलेल्या हातानं टोपी उडवत ओरडत होता. एक रेडा रक्तबंबाळ होऊन मागं सरला तर लोकांनी शेपूट पिरगाळून त्याला परत पुढं लोटला. धोंडूदादा म्हणाला, "त्याचं आन त्याचं काय वाकडं हाय रे? इचारलं काय कुनी?" शेजारचा एकजण खिदळला, "माळ घातलीस काय धोंड्या?" माळ कसली! हा मासळी-कोंबडी ओरपून खाणारा माणूस. तो म्हणाला, "कोंबडी मी खायला कापतो. तुमी ह्याला दारू पाजून, खोटं सांगून, मज्जा बघायला मारताव." आणि चालायला लागला. मी त्याच्यामागून निघाले. सखा मागून हाका मारत होता, "अरे, निकाल तर बघ!" बांधावर येऊन धोंडूदादानं वळून बघितलं, सखाच्या रिकाम्या बाहीकडं, आणि त्याचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडं बघितलं. खाली बघायची मला सवयच होती.

म्हातारपणी मात्र आम्ही या विषयावर भांडायला लागलो. दुसरं कुणी उरलंच नव्हतं भांडायला. मी म्हणायची, "तो काळच तसा होता रे. सगळेच शिकार करत होते." तो घास तोंडाशी थांबवून म्हणायचा, "काळ काय बंदूक घिऊन झाडावर बसलावता काय?" मी म्हणायची, शिकार तर तुम्हीही करत होता, डुकरं काय कमी मारलीत? तो म्हणायचा, मारली, देवाला सांगून मारली, खाल्ली, वाटली. "वाघिनीला कोन खानार? कातडं सायबानं नेलं, नखं सोनाराकं गेली. मटान कुनाच्या पानात पडलं नाय. मग ते पाप कुनी खाल्लं? तसंच ऱ्हायलं ना बाय, अख्खं." वाघिणीबद्दल तो नेहमी असं बोलायचा की जणू ती वाडीतलीच कुणी होती. तिनं आपलं काय खाल्लं होतं, असं विचारायचा. मी चिडून म्हणायची, "जेव आता, भात गार होतोय." या वाक्यावर आमचं भांडण संपायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा सुरू.

आता शेवटच्या मंगळवारबद्दल. त्याच्या आदल्या आठवड्यात सखाचा नातू माझ्याकडं आला होता. चांगला पोरगा आहे, मुंबईतली नोकरी सोडून त्यानं हायवेच्या वळणावर घरगुती जेवणाची सोय केलीय, जंगलात फिरायला नेतो. पाया पडला, म्हणाला, "बाई, तो फोटो द्या ना, बॅनर करायचाय. वाघाशी एका हातानं झुंजलेले आमचे आजोबा." वाडीत गोष्ट अशी झाली होती. वर म्हणाला, अण्णांचंही नाव टाकतो, थोर शिकारी म्हणून. मला बरं वाटलं हो! अण्णांचं नाव घेणारं आता महाडात कोण आहे? मी फोटो भिंतीवरून काढून दिला, त्यानं मोबाइलवर उतरवून घेतला. धोंडूदादाला ते कळलं आणि मंगळवारी तो दारातूनच बोलला, "बाय, फोटू देऊ नको."

"दिला," मी म्हटलं. "त्यात काय बिघडलं?"

"सखा झुंजला नाय. सखा बिडी पेटवत व्हता. पारूवैनीला सांगाया पायजे, खरं काय ते. म्या एकट्यानं सांगितलं तर बोलतील म्हातारचळ लागलाय. तू व्हतीस. तू बघितलंस. आपन दोघं जाऊ."

मी पानं मांडत होते, ती तशीच हातात. म्हटलं, "अण्णांना जाऊन तीस वर्षं झाली धोंडूदादा. मेलेल्या माणसाची अब्रू आता वेशीला टांगायची?"

"आन सखाची?"

"अरे, मी अकरा वर्षांची होते तेव्हा!"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आता किती हायस?"

काही सुचलं नाही की मी ओरडते, शाळेतही ओरडायची. म्हटलं, "पानं कुणी मांडली होती? तूच ना? पंजे कुणी दाखवले? मला कसलं शिकवतोस? जेवायचं तर जेव, नाहीतर निघ!" तो पानावर बसला. मी वाढलं. त्यानं मूठभर भात कडेला सारला, उरलेल्याकडं बघितलं आणि न जेवता उठला. उंबऱ्याशी वाकून चपला घालायला त्याला फार वेळ लागला. गुडघे गेले होते त्याचे. मी गॅसकडं तोंड करून उभी राहिले, हात दिला नाही. तो म्हणाला, "येतो गो." मी 'ये' म्हटलं नाही... माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ चुका झाल्या, पण ती एवढीशी 'ये' मला अजून झोपू देत नाही.

बाराव्याला मी वर गेले. पोलादपूरपर्यंत एस.टी., पुढं रिक्षा. वळणावर बॅनर लागलेला होता. अण्णा, बंदूक, वाघीण. सखाचा चेहरा दुसऱ्या कुठल्या फोटोतला कापून मध्ये चिकटवला होता. डाव्या कोपऱ्यात जिथं पानं होती, तिथं पिवळ्या पट्टीवर मोबाइल नंबर छापला होता. धोंडूदादाच्या दारात माणसं होती, मुंबईहून मुलगे आले होते. मी जेवले नाही. शेजारच्या घरात गेले. पारूवहिनी ओटीवर वाल सोलत बसली होती. ऐंशी उलटलीय, पण नजर साफ आहे. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. तांब्या घेऊन दारात उभी होते तिथपासून, कौल, चपला, आधीच मांडलेली पानं, सगळं. सांगताना मला वाटत होतं की ती रडेल, मला शिव्या देईल, किंवा म्हणेल, जाऊदे गो, झालं ते झालं. खरं सांगते, मी त्या 'जाऊदे'साठीच गेले होते.

तिनं हातातला वाल ठेवला. म्हणाली, "आमचा म्हातारा मरस्तवर काय बोलायचा ठाव हाय? माजी चूक. माज्या बिडीपायी हाका मोडला, वाघीन उलाटली, धोंड्याची मान खाली गेली. तरी धोंड्या माजं श्यात नांगरतो, असा मैतर. रोज बोलायचा. बिडी सोडली त्येनं. त्या दिसापास्नं हातात धरली नाय."

मी सुपातला एक वाल उचलला, परत ठेवला.

"म्हंजे दोस त्येचा नव्हताच," ती म्हणाली. मला नव्हे, स्वतःलाच म्हणाली. मग माझ्याकडं बघितलं. "तू थितं व्हतीस. खांबाला टेकून उबी व्हतीस, माज्या ध्यानात हाय, नव्या चपला घातल्यावत्यास. मग तवा का नाय बोललीस गो?" मग स्वतःच म्हणाली, "तवा न्हवतीस बोलायची, ल्हान व्हतीस. मग तो जित्ता असताना तरी?"

ती उठली, वालाचं सूप उचललं आणि आत गेली. मी बराच वेळ ओटीवर बसून होते. ती बाहेर आली नाही. शेवटी मीच उठले आणि रिक्षा मिळेपर्यंत वळणावर, त्या बॅनरखाली, उभी राहिले. परवा कुणीतरी सांगितलं, बॅनर उतरवलाय. कुणी, का, ते मी विचारलं नाही.

अण्णांचा फोटो मी भिंतीवर परत लावलेला नाही, फाडलाही नाही. कपाटात, पालथा आहे. सरळ करून ठेवायचा धीर होत नाही. मंगळवारी अजून साडेअकराला माझे कान डेपोकडं लागतात. कुणीच येत नाही. गॅसखालच्या फळीवर त्यानं आणलेली सागाची मोळी आहे, सुकून कडक झालीय, हात लावला की कुरकुरते. त्यातलं एक पान मी पाण्यात भिजवून घेते, त्यावर वाढून घेते आणि तो बसायचा त्या जागेसमोर बसते. आधी मूठभर भात कडेला सारते. कावळे भिंतीवर येऊन ओरडतात, त्यांना दुसरं काही घालते. धोंडूदादानं तो वाटा साठ वर्षं बाजूला काढला आणि कधी खाल्ला नाही. मी सगळं जेवून होईस्तोवर थांबते. मग तो गार झालेला भात पुढं ओढते आणि खाते.